अंगठा, स्टिक आणि घड्याळ: कंट्रोलरची कॅमेरा सेन्सिटिव्हिटी कशी बसवावी

कन्सोलवर नवा गेम सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बहुतेकांची एकच तक्रार असते. उजव्या स्टिकला जरा हात लावला की कॅमेरा भलतीकडे पळतो, किंवा मागून कोणी आले तर वळता वळता खेळ संपतो. मग मेनू उघडून सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या वेगाचा, आकडा ५ वरून ७ वर नेला जातो, दोन डाव खेळून तो ४ वर आणला जातो, आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचे सेटिंग जसेच्या तसे उतरवून घेतले जाते. ही भटकंती महिनोन्महिने चालू शकते, कारण तो एक आकडा बदलताना त्याच्या खाली असलेल्या चार-पाच गोष्टी तशाच राहिलेल्या असतात. टीव्हीचा विलंब, स्टिकची झीज, डेडझोन (स्टिकच्या मध्याभोवतीचा, गेम दुर्लक्ष करतो तो भाग), रिस्पॉन्स कर्व्ह (झुकाव आणि वेग यांचे नाते) आणि दृश्याचा कोन या सगळ्यांवर तो आकडा उभा असतो. म्हणून या लेखात क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाया नीट करायचा, मग घड्याळ लावून वेग मोजायचा आणि सगळ्यात शेवटी स्कोपसारख्या (बंदुकीवरची दुर्बीण) तपशिलांकडे वळायचे.

स्टिक नेमके काय सांगते

माउस आणि स्टिक यांच्यातला मूळ फरक एकदा लक्षात आला की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. माउस जितका सरकवला तितकाच कॅमेरा वळतो. हात थांबला की कॅमेराही थांबतो. स्टिकचे तसे नाही. स्टिक झुकवलेली असेपर्यंत कॅमेरा फिरतच राहतो आणि किती झुकवली यावर फक्त त्याचा वेग ठरतो. म्हणजे माउसने आपण अंतर सांगतो आणि स्टिकने वेग सांगतो. त्यामुळे कंट्रोलरवर नेम धरणे म्हणजे योग्य क्षणी अंगठा परत मध्यावर आणणे, आणि नेम चुकतो तो बहुतेक वेळा या परतण्याच्या क्षणात चुकतो.

मेनूमधला सेन्सिटिव्हिटीचा आकडा साधारणपणे एवढेच ठरवतो की स्टिक पूर्ण झुकवल्यावर कॅमेरा सेकंदाला किती अंश फिरेल. समजा हा वेग सेकंदाला २४० अंश आहे आणि गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रे, दाखवतो आहे. मग प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेरा ४ अंश सरकतो. दृश्याचा आडवा कोन ८० अंश आणि पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल असेल, तर पडद्याच्या मध्यभागी एक अंश म्हणजे सुमारे २० पिक्सेल होतात. म्हणजे एका फ्रेमला जवळपास ८० पिक्सेलची उडी. दूर उभा असलेला प्रतिस्पर्धी पडद्यावर कित्येकदा २०-३० पिक्सेलच रुंद दिसतो. पूर्ण झुकवलेल्या स्टिकने त्याच्यावर थांबणे जवळजवळ अशक्य असते ते यामुळेच. बारीक नेम नेहमी स्टिकच्या पहिल्या थोड्याशा झुकावात घडतो, आणि त्या पट्ट्यात काय होते हे सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याइतकेच डेडझोन आणि कर्व्हच्या हातात असते.

आधी पडदा तपासावा

हा टप्पा अनेकांना विषयांतर वाटतो, पण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया गेला आहे. मी कित्येक आठवडे सेन्सिटिव्हिटी कमी करत गेलो, कारण क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, प्रत्येक वेळी लक्ष्याच्या पुढे जात होता. शेवटी कळले की टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत होता आणि माझ्या अंगठ्याची हालचाल पडद्यावर उशिरा पोहोचत होती. डोळ्यांना लक्ष्य दिसून मी अंगठा सोडेपर्यंत कॅमेरा प्रत्यक्षात पुढे निघून गेलेला असे. हिशेब अगदी सरळ आहे. सेकंदाला २४० अंश या वेगात १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे २४ अंशांची चूक, आणि ८० अंशांच्या दृश्यात तो पडद्याच्या रुंदीचा जवळपास तिसरा हिस्सा होतो. अशा टीव्हीवर कोणताही आकडा ठेवला तरी तो चुकीचाच वाटणार.

म्हणून टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी, मधल्या फ्रेम स्वतः तयार करणारी सुविधा बंद करावी. टीव्हीमध्ये एचडीएमआयची ऑटो लो लेटन्सी मोड ही सोय असेल तर कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो, पण तो खरोखर लागला आहे का हे एकदा डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर गेमच्या मेनूमध्ये चित्राचा दर्जा आणि वेग यांपैकी निवड असेल तर वेग निवडावा. सेकंदाला ३० फ्रेमवर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० वर १६.७ आणि १२० वर ८.३. कॅमेरा जड वाटण्यामागे पुष्कळदा सेन्सिटिव्हिटी नसून ३० फ्रेमचा मोड असतो. हा मोड नंतर बदलला की हाताला बसलेले सगळे पुन्हा नवे वाटते. त्यामुळे हा निर्णय आधीच घ्यावा.

दृश्याचा कोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, हाही याच टप्प्यात कायमचा ठरवावा. कोन वाढवला की पडद्यावर जास्त जग मावते आणि तोच वेग डोळ्यांना संथ भासतो. कोन आवळला की तोच वेग अंगावर येतो. काही गेम हा कोन आडवा मोजतात, काही उभा. सोळास नऊच्या पडद्यावर उभा ६० अंशांचा कोन म्हणजे आडवा सुमारे ९१ अंश होतो, त्यामुळे दोन गेममधले आकडे जुळवताना हा फरक ध्यानात ठेवावा. ज्यांना खेळताना मळमळते किंवा डोके जड होते त्यांनी कोन थोडा वाढवून पाहावा आणि कॅमेऱ्याचा थरथराट व हालचालीतला धूसरपणा ही दोन्ही सेटिंग बंद करावीत. त्रास सुरू झाला की खेळ लगेच थांबवावा; हा त्रास रेटून कमी होत नाही.

स्टिकची प्रकृती आणि डेडझोन

बहुतेक कंट्रोलरच्या प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर (घासत्या संपर्काने झुकाव मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. त्यातला संपर्क घासला जातो, झिजतो, आणि कालांतराने अंगठा काढल्यावरही स्टिक शून्याऐवजी थोडेसे काहीतरी सांगत राहते. यालाच खेळणारे ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट पद्धतीच्या स्टिकमध्ये चुंबकाच्या साहाय्याने, प्रत्यक्ष स्पर्शाशिवाय स्थान ओळखले जाते, त्यामुळे तिथे ही झीज टळते. ड्रिफ्ट लपवण्यासाठी मध्याभोवती एक असा भाग ठेवतात जिथली हालचाल गेम ऐकूनच घेत नाही. हाच डेडझोन.

तो मोठा ठेवला तर कॅमेरा स्थिर राहतो, पण बारीक नेमासाठी लागणारा झुकावाचा पहिला पट्टाच त्यात बुडतो आणि अंगठा बराच ढकलल्यावर कॅमेरा एकदम सुटल्यासारखा वाटतो. म्हणून डेडझोन आपल्या कंट्रोलरला सोसेल इतका कमी ठेवावा. तो शोधण्याची रीत अशी. गेममधल्या सराव मैदानात जाऊन एखाद्या दूरच्या भिंतीवरच्या ठळक खुणेवर क्रॉसहेअर आणावा आणि उजव्या स्टिकचा डेडझोन शून्य करावा. अंगठा पूर्ण उचलून अर्धा मिनिट पडद्याकडे पाहत राहावे. क्रॉसहेअर सरकू लागला तर डेडझोन एक पायरी वाढवावा आणि पुन्हा पाहावे. एवढ्यावर थांबू नये, कारण झिजलेली स्टिक प्रत्येक दिशेने परतताना वेगळ्या जागी विसावते. स्टिक उजवीकडे पूर्ण झुकवून अंगठा एकदम सोडावा, मग डावीकडून, वरून, खालून आणि तिरप्या दिशांनीही तेच करावे. प्रत्येक वेळी सुटल्यावर कॅमेरा मुंगीच्या पावलानेही सरकत नाही ना, हे पाहावे. सगळ्या दिशांनी स्थिर राहतो अशी पायरी सापडली की तिच्यावर आणखी एक पायरी सुरक्षिततेसाठी द्यावी. निन्टेन्डो स्विचवर ही तपासणी करण्याआधी सिस्टिम सेटिंगमधून स्टिकचे कॅलिब्रेशन करून घ्यावे.

काही गेममध्ये डेडझोनचे आणखी प्रकार वेगळे दिलेले असतात. हेलो इन्फिनिटमध्ये मध्याचा डेडझोन, कमाल इनपुटची मर्यादा आणि अक्षांचा डेडझोन असे तीन आकडे आहेत. कमाल मर्यादा म्हणजे स्टिक कडेपर्यंत किती पोहोचल्यावर ती पूर्ण झुकली असे धरायचे. जुनी स्टिक एखाद्या दिशेला पूर्ण टोक गाठत नसेल तर या सेटिंगने वाचवता येते. अक्षांचा डेडझोन आडवी हालचाल करताना चुकून होणारी थोडी वर-खाली हालचाल दाबून टाकतो. क्षितिजावरून सरळ नजर फिरवताना तो सोयीचा आहे, पण जास्त ठेवला तर तिरपी हालचाल पायऱ्या-पायऱ्यांनी अडखळत होते. माझ्या मते तो शक्य तितका कमी असावा.

डाव्या स्टिकचा डेडझोन वेगळा असेल तर तोही एकदा पाहून घ्यावा. तिथे थोडे जास्त चालते.

कर्व्ह: झुकाव आणि वेग यांचे नाते

रिस्पॉन्स कर्व्ह हा शब्द मेनूमध्ये दिसला की बरेच जण पुढे निघून जातात, पण माझ्या अनुभवात सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यापेक्षा हाच निर्णय जास्त परिणाम करतो. वरच्याच उदाहरणात पूर्ण झुकावाला सेकंदाला २४० अंश वेग आहे असे धरू. कर्व्ह रेषीय, म्हणजे लिनिअर असेल तर अर्ध्या झुकावाला बरोबर निम्मा, १२० अंशांचा वेग मिळतो. वर्गाच्या पटीत वाढणारा कर्व्ह असेल तर अर्ध्या झुकावाला चौथा हिस्सा, म्हणजे ६० अंश. घनाच्या पटीत वाढणारा असेल तर आठवा हिस्सा, म्हणजे फक्त ३० अंश. तिन्ही वेळा मेनूतला आकडा तोच आहे आणि पूर्ण वळायला लागणारा वेळही तोच आहे, तरीही हाताला तीन वेगवेगळे कंट्रोलर धरल्यासारखे वाटेल.

कॉल ऑफ ड्यूटीमध्ये स्टँडर्ड, लिनिअर आणि डायनॅमिक असे पर्याय दिलेले असतात. एपेक्स लेजंड्समध्ये क्लासिक, स्टेडी, फाइन, हाय व्हेलॉसिटी आणि लिनिअर. नावे वेगळी असली तरी प्रश्न एकच असतो: झुकावाच्या सुरुवातीच्या पट्ट्यात कॅमेरा किती हळू असावा. ज्यांच्या अंगठ्याला स्टिकची सवय कमी आहे त्यांनी सुरुवात संथ असलेला कर्व्ह घ्यावा, कारण त्यात लहानसहान थरथर नेमावर उमटत नाही. ज्यांना हालत्या लक्ष्याचा पाठलाग करताना कॅमेरा मागे पडतो असे वाटते त्यांनी लिनिअर वापरून पाहावा. त्यात अंगठ्याने जे सांगितले तेच घडते, फक्त स्टिकची थोडीशी झीजही लगेच दिसते आणि डेडझोन किंचित वाढवावा लागतो. डायनॅमिक सुरुवातीला चपळ असतो आणि मधल्या भागात वेग हळूहळू वाढतो. तो अनेकांना पटकन आवडतो. कोणताही कर्व्ह घ्यावा, मात्र तो वेग ठरवण्याआधी घ्यावा आणि नंतर उगाच बदलू नये.

याच मेनूत बहुधा प्रवेगाचे सेटिंगही असते. स्टिक पूर्ण झुकवून काही क्षण धरली की कॅमेऱ्याला अधिकचा वेग मिळतो. एपेक्स लेजंड्समध्ये हा अधिकचा वेग किती, तो किती उशिरा सुरू व्हावा आणि किती काळात चढावा हे तिन्ही स्वतंत्रपणे ठरवता येते. बसवणी चालू असताना हा अधिकचा वेग शून्य ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. तो चालू असताना एकच हालचाल दोनदा केली तरी निकाल वेगळा येऊ शकतो, आणि अंगठ्याला शिकायचे ते नेमके कधीच शिकता येत नाही. सगळे जुळल्यावर मागे वळणे फारच संथ वाटले तर तेव्हा थोडा प्रवेग द्यावा.

आता घड्याळ लावून वेग मोजावा

इथपर्यंत आल्यावर सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याला हात लावायचा. या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही. एका गेममधला ६ दुसऱ्या गेममध्ये ४३ असू शकतो. अर्थ असतो तो एका पूर्ण गिरकीला लागणाऱ्या वेळेत. म्हणून सराव मैदानात सपाट जागी उभे राहावे, समोर एक खांब किंवा दाराची कड निवडावी आणि फोनवर स्टॉपवॉच लावून स्टिक उजवीकडे पूर्ण झुकवून धरावी. तोच खांब दहाव्यांदा क्रॉसहेअरखालून गेला की घड्याळ थांबवावे. दहा गिरक्यांना १५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला २४० अंश. २० सेकंद लागले तर १८०. २४ लागले तर १५०. एकच गिरकी मोजली तर बटण दाबण्यातली चूकच मोठी ठरते, दहा मोजल्या की ती वाटली जाते. हे मोजमाप एक कमी, एक मधला आणि एक जास्त अशा तीन आकड्यांवर करावे आणि कागदावर लिहून ठेवावे. आकडा दुप्पट केल्यावर वेग दुप्पट होतोच असे नाही, हे त्या तीन ओळींतूनच दिसेल.

आता आपल्यासाठी योग्य वेग कोणता, हे तीन चाचण्यांनी शोधता येते, आणि त्यातली पहिली मी सगळ्यात मोलाची मानतो.

पहिली चाचणी थांबण्याची. एकमेकांपासून साधारण ३०-४० अंशांवर असलेल्या दोन खुणा निवडाव्यात, म्हणजे पडद्याच्या अर्ध्याहून थोड्या कमी अंतरावरच्या. एका खुणेवरून दुसरीवर एका झटक्यात क्रॉसहेअर न्यावा आणि जिथे थांबेल तिथे थांबू द्यावा. दुरुस्ती करायची नाही. असे वीस वेळा करावे, आणि प्रत्येक वेळी क्रॉसहेअर खुणेच्या पुढे गेला, अलीकडे राहिला की बरोबर बसला, याची कागदावर तीन रकान्यांत रेघ मारावी. पुढे जाण्याच्या रेघा स्पष्टपणे जास्त असतील तर वेग हाताला झेपत नाही. अलीकडे राहण्याच्या जास्त असतील तर वेग कमी पडतो आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच चुका होत असतील तर आकड्याला दोष देऊ नये. तिथे फक्त सराव कमी पडतो आहे. हा शेवटचा मुद्दा फार जण चुकतात. चूक झाली की ती कोणत्या बाजूची झाली हे न पाहताच सेटिंग बदलले जाते, आणि मग बदलाने चुकांची फक्त बाजू बदलते.

दुसरी चाचणी पाठलागाची. मध्यम अंतरावरच्या एका बारीक वस्तूवर क्रॉसहेअर ठेवून डाव्या स्टिकने डावीकडे-उजवीकडे चालत राहावे आणि उजव्या स्टिकने क्रॉसहेअर त्या वस्तूवर धरून ठेवावा. चालण्याची दिशा मधूनमधून अचानक बदलावी. क्रॉसहेअर झटक्या-झटक्यांनी पुढे-मागे होत असेल तर वेग जास्त आहे किंवा डेडझोन मोठा आहे. तो सतत एकाच बाजूला मागे रेंगाळत असेल तर वेग तरी वाढवावा, नाहीतर संथ सुरुवातीचा कर्व्ह बदलावा.

तिसरी चाचणी मागे वळण्याची, आणि ती सगळ्यात सोपी आहे. दहा गिरक्यांना २० सेकंद लागत असतील तर मागे वळायला एक सेकंद लागतो. ज्या गेममध्ये जवळून, चारी बाजूंनी गाठ पडते तिथे हा एक सेकंद जड जातो. ज्या गेममध्ये दुरून, आडोशाने खेळले जाते तिथे तो सहज चालतो. आपण कसे खेळतो हे इथे प्रामाणिकपणे मान्य करावे.

आकडा शोधताना एकेक पायरी चढण्यापेक्षा अंतर निम्मे करत जावे. समजा १ ते १० च्या मेनूत ३ निश्चितपणे संथ वाटतो आणि ९ निश्चितपणे बेफाम. मग थेट ६ घ्यावा आणि थांबण्याची चाचणी करावी. पुढे जाण्याच्या चुका जास्त आल्या तर ३ आणि ६ यांच्यामधला ४ किंवा ५ घ्यावा. अलीकडे राहण्याच्या आल्या तर ७. तीन-चार फेऱ्यांत आकडा एक-दोन पायऱ्यांच्या आत येतो. त्यानंतर बारीक कुरतडत बसण्यात अर्थ नाही, कारण एका पायरीचा फरक थोड्याच दिवसांत अंगठा स्वतः भरून काढतो.

उभा वेग वेगळा ठरवता येत असेल तर आडव्याच्या ७० ते ८० टक्क्यांपासून सुरुवात करावी. सपाट मैदानावर लक्ष्ये बहुतेक डोळ्यांच्या पातळीवर असतात, आणि उभी हालचाल मुख्यतः बंदुकीचा झटका सावरण्यासाठी लागते. उंच उडणारे, छतांवरून लढणारे गेम मात्र याला अपवाद आहेत. तिथे दोन्ही वेग सारखे ठेवणे बरे. वर-खाली उलटे करण्याचा पर्याय ज्याच्या हाताला जसा बसला आहे तसाच ठेवावा.

स्कोपमधून पाहताना

नेम धरून पाहिले की दृश्य मोठे होते, म्हणजेच दृश्याचा कोन आवळला जातो, आणि तोच फिरण्याचा वेग पडद्यावर कितीतरी पट जास्त दिसतो. त्यासाठी मेनूत एक गुणक दिलेला असतो. साध्या नजरेचा कोन ८० अंश आणि स्कोपचा ४० अंश असेल, तर पडद्याच्या मध्यभागी दोन्हीकडे सारखीच हालचाल दिसावी यासाठी वेग सुमारे ०.४३ पट करावा लागतो. हा आकडा दोन्ही कोनांच्या निम्म्याच्या टॅन्जंटच्या भागाकारातून येतो: २० अंशांचा ०.३६४ आणि ४० अंशांचा ०.८३९. बऱ्याच गेममध्ये हा हिशेब आधीच आत केलेला असतो आणि गुणक १.०० म्हणजेच जुळवलेला वेग असतो. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये त्यासाठी रिलेटिव्ह नावाचा पर्याय असतो. आपल्या गेममध्ये काय आहे हे दहा गिरक्यांच्याच रीतीने कळते. स्कोप लावून दहा गिरक्या मोजाव्यात. गुणक १.०० असतानाच स्कोपमधल्या गिरक्यांना कितीतरी जास्त वेळ लागत असेल तर गेमने मोठेपणाचा हिशेब धरलेला आहे.

हा गणिती आकडा सुरुवात म्हणून घ्यावा, शेवट म्हणून नाही. दुरून स्थिर लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना त्याहून थोडा कमी बरा वाटतो, जवळच्या हालत्या लक्ष्यांवर थोडा जास्त. जिथे प्रत्येक स्कोपचा गुणक वेगळा देता येतो तिथे आधी रोज वापरातला एकच स्कोप नीट बसवावा. स्कोप लावताना वेग नेमका केव्हा बदलावा, लगेच, हळूहळू की पूर्ण मोठे झाल्यावर, असाही पर्याय काही गेममध्ये असतो. मी लगेच बदलणारा घेतो, कारण स्कोपचे बटण दाबताक्षणी अंगठ्याला नवा वेग ठाऊक असतो आणि मधल्या अधांतरी अवस्थेत नेम हलत नाही.

एम असिस्टबद्दल, म्हणजे नेम धरताना गेम करत असलेल्या मदतीबद्दल, एक सावधगिरी. कन्सोलवरच्या पुष्कळ गेममध्ये क्रॉसहेअर लक्ष्याजवळ आला की कॅमेरा आपोआप मंदावतो, आणि काही गेममध्ये तो लक्ष्याबरोबर किंचित वळतोही. भिंतीवरच्या खुणांवर ही मदत लागू होत नाही. त्यामुळे भिंतीवर अचूक बसलेला वेग खऱ्या लढतीत चिकट आणि संथ भासू शकतो. भिंतीवर निवड झाल्यावर सराव मैदानातल्या हालत्या पुतळ्यांवर पाठलागाची चाचणी पुन्हा करावी, आणि तिथे कॅमेरा मागे पडत असेल तर एक पायरी वर जावे.

बंदुका नसलेल्या गेममध्ये हीच तत्त्वे लागू होतात, फक्त भर बदलतो. पात्राच्या पाठीमागून दिसणाऱ्या गेममध्ये कॅमेरा आपोआप मध्यावर आणणारे सेटिंग बंद केल्याशिवाय वेग ठरवता येत नाही, कारण दोन हात एकाच वेळी कॅमेरा ओढत असतात. रॉकेट लीगमध्ये स्टिकने आजूबाजूला पाहण्याच्या वेगाला स्विव्हल स्पीड म्हणतात, पण तिथे कॅमेऱ्याचे अंतर, उंची आणि कडकपणा आधी ठरवावा लागतो. ज्या कंट्रोलरमध्ये जायरो (कंट्रोलर कसा वळवला हे ओळखणारा सेन्सर) आहे आणि गेम तो वापरू देतो, तिथे मोठी वळणे स्टिकने आणि बारीक नेम मनगटाने धरता येतो; मग स्टिकचा वेग एरवीपेक्षा बराच जास्त ठेवला तरी बिघडत नाही.

हार्डवेअरचे सेटिंग आणि हाताची सवय

ड्युअलसेन्स एज किंवा एक्सबॉक्स एलिट सिरीज २ यांसारख्या कंट्रोलरमध्ये स्टिकचा कर्व्ह कन्सोलच्या पातळीवरही बदलता येतो. सोय चांगली आहे, पण तिथला कर्व्ह आणि गेममधला कर्व्ह एकावर एक चढतात. तिथे संथ सुरुवात आणि गेममध्येही संथ सुरुवात निवडली तर अर्ध्या झुकावापर्यंत कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. म्हणून कन्सोलच्या पातळीवर मूळ सेटिंग ठेवून सगळे बदल गेममध्येच करावेत. स्टिकवर उंच टोपी लावली तर तेवढ्याच झुकावासाठी अंगठ्याला जास्त अंतर जावे लागते आणि बारीक हालचाल सोपी होते. टोपी लावली किंवा काढली की थांबण्याची चाचणी नव्याने करावी. अंगठा स्टिकवर टोकाने ठेवायचा की पेरावर, हेही एकदा ठरवून तसेच ठेवावे, कारण पकड बदलली की झुकावाचा अंदाज बदलतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदल केल्यावर निदान तीन-चार दिवस खेळून पाहावे. नवे सेटिंग पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीच वाईट वाटते, कारण अंगठा अजून जुन्याच वेगाच्या हिशेबाने परततो. ओळीने डाव हरल्यावर, खूप दमल्यावर किंवा हात गारठलेले असताना मेनू उघडू नये. कागदावर तारीख, गेम, दृश्याचा कोन, कर्व्ह, डेडझोन, दोन्ही वेग, स्कोपचा गुणक आणि दहा गिरक्यांचे सेकंद एवढे लिहिलेले असले की मागे जाण्याची वाट कायम मोकळी राहते. घरात एकाच कन्सोलवर दोघे खेळत असतील तर प्रत्येकाने आपले वेगळे प्रोफाइल ठेवावे आणि आपला कागदही.

नवा गेम घेतल्यावर याच कागदाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. जुन्या गेममध्ये दहा गिरक्यांना १८ सेकंद लागत असतील, तर नव्या गेममध्ये दृश्याचा कोन आणि कर्व्ह शक्य तितका तसाच ठेवून १८ सेकंद येईपर्यंत आकडा हलवावा. तो ५ निघो की ४३, त्याने काही फरक पडत नाही. आणि एखाद्या अपडेटनंतर कॅमेरा अचानक वेगळा वाटू लागला, तर काहीही बदलण्याआधी तीच दहा गिरक्यांची मोजणी करावी. सेकंद पूर्वीइतकेच आले तर वेग बदललेला नाही. मग टीव्हीचा गेम मोड सुटला आहे का आणि स्टिक ड्रिफ्ट होऊ लागली आहे का, ते आधी पाहावे.